मांजराला मारलेली हाक

आमच्या घरात मांजर आलं ते माझ्या इरकली लुगड्यापायी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं गल्लीत असं झालं की मांजर म्हणजे मालकांचं. मालकांनी आयुष्यात आपणहून घरात काही आणलं असेल तर म्हशी. मांजर मी आणवलं, माझ्या हुकमानं.

मालक म्हणजे माझा नवरा. गल्ली त्यांना हंबीरराव म्हणते. मी नाव घेत नाही, आणि तेही माझं घेत नाहीत. पोरगा कृष्णात लग्नाचा होऊन घरात सून आली तरी आमचं सगळं 'ऐकलं का' आणि 'अगं ए' एवढ्यावर भागलेलं आहे.

शुक्रवार पेठेत आमचं घर, मागं परड्यात म्हशींचा गोठा. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मालकांनी सरकी-पेंडीची पोती एकदम भरून ठेवली आणि घरात उंदरांची जत्रा भरली. पोती कुरतडली, मी गप्प बसले. अंगाचा साबण खाल्ला, तरी गप्प बसले. मग एक दिवस ट्रंक उघडली तर कृष्णातच्या लग्नात घेतलेल्या लुगड्याच्या पदराची पार चाळण झालेली. त्या दिवशी मी पदर गळ्यात घालून सोप्यात उभी राहिले आणि म्हटलं, “ह्या घरात एक तर मांजर येईल, न्हाईतर मी आजऱ्याला जातो.”

आजऱ्याला माझ्या माहेरी आता कुणी राहिलेलं नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी मांजर आलं.

हातकणंगल्याला दिलेली माझी लेक आक्का, तिच्या घरची ही अर्धवट वाढलेली भाटी, म्हणजे मादी मांजर. पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे डाग, आणि डोळे असे की जणू घर तिच्याच बापानं बांधलंय. कृष्णात जाऊन पोत्यात घालून घेऊन आला. वाटेत मांजराला बाहेरचं दिसू द्यायचं नसतं. दिसलं तर ते रस्ता ध्यानात ठेवतं आणि संधी मिळताच परत जातं.

मांजर नव्या घरात बसवायची आमच्यात रीत आहे. ती मला सासूनं शिकवली, आणि न ओरडता शिकवलेली ही एकच गोष्ट असेल. दारं-खिडक्या लावायच्या. मांजराच्या चारी पायांना लोणी चोळायचं. मग उचलून चुलीभोवती फिरवायचं आणि पाय चुलीच्या राखेत टेकवायचे. मांजर पाय चाटत बसतं, लोण्याबरोबर घरची राख पोटात जाते, मग ते दुसरीकडं रमत नाही. फक्त एक सांभाळायचं. ज्या हातांनी धरलं त्या हातांचं ते मांजर होतं. म्हणून घरच्या कारभारणीनं स्वतः धरायचं.

पोत्याचं तोंड सोडलं तशी ती बया बाहेर आली ती माझ्या मनगटावरच. रक्त काढलं. माझ्या दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. मी रागाच्या भरात म्हटलं, “अहो ऐकलं का, धरा की जरा हिला. बघत काय उभं ऱ्हायलाय?”

मालकांनी धरली. रेडकू धरावं तशी, छातीशी लावून. आणि ती गप्प झाली. मी लोणी चोळलं, त्यांनी चुलीभोवती फिरवली, त्यांनीच पाय टेकवले. माझी सून शालन दारात उभी राहून बघत होती.

“आत्ती,” ती म्हणाली, “धरायचं तुमी हुतं न्हवं?”

“तू भाकरीकडं बघ. करपल्याचा वास यायलाय.”

भाकरी करपली नव्हती.

मांजर नवीन होतं म्हणून मधल्या खोलीत धान्याच्या कणगीला सैल सुतळीनं बांधून ठेवलं. ते कणगीमागच्या अंधारात शिरून बसलं. दूध ठेवलं तर शिवेना. मी म्हटलं, भूक लागली की येईल. पण मालकांचे गुडघे, जे पाटावर बसताना करकर वाजतात, ज्यांना मी कित्येक वर्षं एरंडेल चोळतेय, ते गुडघे त्यांनी जमिनीला टेकले. डोकं कणगीमागं घातलं. आपल्या वाटीतली साय बोटावर घेऊन ते बोट पुढं करून बसले. म्हशी धारेला ताटकळल्या, तरी बोट पुढंच. शेवटी तिनं ते चाटलं. मालक माझ्याकडं वळून म्हणाले, “खाल्लं.” पोराला पहिला दात आला तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

मी त्या कणगीकडं बघत राहिले. लग्न होऊन आले तेव्हा मीही ह्याच कणगीला पाठ लावून बसले होते. परकर सुटून लुगडं आलं त्याला महिनासुद्धा झाला नसेल. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, तानाबाई. सासूच्या आत्याचं नाव. माहेरचं नाव त्या तांदळातच राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच तांदूळ भाताला घेतले. मी जेवले नाही. का जेवली नाहीस म्हणून कुणी विचारलं नाही, आणि कणगीमागं वाकून तर कुणीच बघितलं नाही. सायीचं बोट राहू दे.

थोड्या दिवसांनी सुतळी सोडली. मांजर पळालं नाही. ते मालकांच्या मागं हिंडू लागलं. सांजचं गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर म्हशी पिळून, दूध घालून मालक परत आले की सोप्यात बसायचे, आणि ती मांडीवर. मग मालक वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलायचे. हळू, अगदी श्वासातल्या श्वासात. तिचे कान असे वळायचे जणू गावची पाटीलकी तिच्या नावावर करून देतायत. मी चहा घेऊन गेले की मालक खाकरायचे आणि बोलणं बंद.

“काय बोलत हुता?”

“कुठं काय.”

“ओठ हलत हुतं.”

“तंबाखू हुती.”

तंबाखू त्यांनी कधीच सोडलेली. मला एकच वाटायचं, माझ्या कागाळ्या सांगत असणार. जन्मभर पोटात साठवलेल्या.

आमच्या शेजारी झुंबरबाई. तिचा नवरा ज्ञानू टेलर. तो मशिनीवर बसल्या बसल्या दिवसभर हाका मारतो. “झुंबर, चहा टाक गं. झुंबर, माझी टेप कुठं गं.” पन्नाशीला टेकलेली बाई, आणि नावानं हाका, त्याही गल्लीच्या टोकापर्यंत जातील अशा. मी शालनला म्हणायची, बाईमाणसाचं नाव असं रस्त्यावर टाकू नये. म्हणायची खरी. पण ती हाक आली की माझा हात घासायच्या भांड्यावर थांबायचा.

आणि आता माझ्याच घरात, माझ्याच सोप्यात, एक मांजर होतं आणि त्यालासुद्धा हाक होती.

मी ठरवलं, रीत पुन्हा करायची. माझ्या हातानं. एका दुपारी मालक म्हशी घेऊन नदीला गेले, तेव्हा मी दारं लावली, लोणी घेतलं आणि मांजर काखेत मारलं. चुलीभोवती एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला तिनं माझ्या खांद्यावरून फळीवर उडी घेतली, तिखटाचा डबा खाली, माझ्या चोळीवर लोण्याची आणि राखेची पावलं. शालननं दार ढकललं.

“आत्ती, हे काय?”

“पाय पुसत हुतो तिचं. घाण करती घरभर.”

“लोण्यानं?”

सांजच्याला मालकांनी मांजर उचललं आणि पायाला बोट लावून बघितलं. “हिला दुसऱ्यांदा कुणी फिरवली?” मी तिखटाचा डबा पुसायला घेतला. मालक मिशीत हसले.

ते हसू मला लागलं. मी म्हटलं, “हसा. एक दिवस पोत्यात घालून पंचगंगेपल्याड सोडून येतो का न्हाई बघा.”

कृष्णातनं ऐकलं, शालननं ऐकलं, भिंतीपलीकडं झुंबरबाईनंही ऐकलं असणार. तिच्या कानातून काही सुटत नाही.

वैशाखात गारगोटीहून निरोप आला. मालकांच्या बहिणीच्या घराची शाकारणी होती, कौलं उतरून परत लावायची, हाताखाली माणूस हवं. मालक निघाले. कृष्णातला म्हशींचं सांगितलं, शालनला दुधाच्या गिऱ्हाइकांचं सांगितलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “हिच्याकडं ध्यान दे.” एवढंच. मी कशी राहीन, गुडघ्याला तेल कोण चोळणार, काही नाही. मांजराकडं ध्यान दे.

एस.टी. स्टँडवरून सुटली नसेल तोवर मांजर माळ्यावर गेलं. वर वासे आणि आढ्याच्या मध्ये, रिकाम्या पोत्यांच्या आड जाऊन बसलं ते बसलंच. खाली दूध ठेवलं, त्यावर माशा बसल्या. भाकरी कुस्करून ठेवली, ती उंदरांनी नेली, मांजराच्या डोळ्यांदेखत. सुकट भाजून तिचा वास वर जाईल अशी धरली. गल्लीतली दोन मांजरं दारात आली, आमचं हललं नाही. मी मने म्हटलं, माऊ म्हटलं, सोने म्हटलं, शेवटी सटवे म्हटलं. कृष्णात शिडी लावून वर गेला तर ती आणखी आत कोपऱ्यात गेली आणि फिसकारली.

असं दुसऱ्या दिवशीही झालं, आणि तिसऱ्याही. शालन म्हणाली, “आत्ती, मामा गारगोटीहून येऊन बघत्यात तवा ते मेल्यालं असंल तर?”

“मरत न्हाई. मांजर हाय ते, माणूस न्हवं.”

“आये,” कृष्णात म्हणाला, “तू पोत्यात घालून सोडीन म्हणली हुतीस. काय झालं तर बाबाला वाटणार, तूच काय तरी केलंस.”

ते माझ्या डोक्यात आलेलं नव्हतं असं नाही. मालक भांडले नसते. मालक कधी भांडत नाहीत. मुळात त्यांचं बोलणं मोजकं, तेवढंही बंद झालं असतं, आणि मरेपर्यंत मी सोप्यात चहा नेऊन ठेवला असता आणि त्यांनी उचलून घेतला असता. मांजर गेलं तरी तीच जिंकणार होती. मी हे होऊ देणार नव्हते.

ते कानात काय सांगतात, कोणत्या नावानं बोलावतात, तेवढं कळलं तर काम होणार होतं. कृष्णातला माहीत नव्हतं, शालनला नव्हतं. ज्या बाईला माहीत असणार तिच्याकडं जायला माझे पाय उचलत नव्हते. तरी शेणाची पाटी उचलली, परड्यात गेले आणि भिंतीशी उभी राहिले. झुंबरबाई पलीकडं तांदूळ पाखडत होती.

“झुंबरबाई, एक इचारू?”

तिनं सूप खाली ठेवलं. “इचार की बाई. आजपतोर तू सांगतच आलीस, इचारलं न्हवतंस कदी.”

“आमचं मालक मांजराला काय म्हणून हाक मारत्यात?”

“अगं, मांजर तुजं, न्हवरा तुजा, आन इचारतीस मला?”

“ठावं असंल तर सांग, नसंल तर ऱ्हाऊ दे.”

“ठावं हाय की. रोज सांजचं ऐकतो मी, तुमच्या सोप्याच्या भिंतीला पाठ लावून.” तिनं पदर नीट केला, जरा वेळ लावला, तिला त्यात सुख होतं. “बायजा म्हणत्यात. लई मायेनं म्हणत्यात बाई. आमचं टेलर दिवसभर बोंबलत्यात, पर तसली हाक न्हाई त्यांची.”

मी पाटी धरून उभी राहिले.

बायजा माझं नाव. माझे बाबा बांधावरून हाक मारायचे तेव्हा डोंगराला लागून परत यायचं ते. लग्नात मांडवातून निघताना बाबा मालकांचे हात धरून म्हणाले होते, “आमच्या बायजाला संभाळा.” मालक तेव्हा मिसरूड फुटलेलं पोर. त्यांनी मान खाली घातली होती. मला वाटलं होतं, ऐकलं नसेल. बाबा गेले, भाऊ गेला, मग त्या नावाला जगात माणूस उरला नाही. झुंबरबाई आमच्या शेजारी आली ती माझं तानाबाई होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर. तिला काय कळणार.

“तोंड का उतरलं गं?” तिनं विचारलं.

“ऊन लागलं.”

“कुणाचं असंल नाव?” ती भिंतीवर वाकली, आवाज बारीक केला. “आदीची कोन बाई-बिई?”

“असंल,” मी म्हटलं. “पुरुषमाणसाचं काय सांगावं.”

तिला दोन महिने पुरेल एवढं देऊन मी आत आले.

आत आले आणि इतका राग आला की पाण्याचा तांब्या तोंडाला लावून तसाच खाली ठेवला. नाव त्यांना ठाऊक होतं. एवढी वर्षं ते त्यांच्या जिभेखाली होतं. मी तापानं फणफणले तेव्हा होतं, कृष्णातच्या वेळी अडले तेव्हा होतं, सासूनं घागरीसकट दाराबाहेर उभी केली तेव्हाही होतं. आणि बाहेर काढलं ते मांजरासाठी. उंदीर खाणाऱ्या, दुसऱ्याचं दूध पिणाऱ्या मांजरासाठी.

दुपारी शालनला गिरणीला धाडलं. ज्ञानूची मशीन बंद होती, गल्ली निजलेली. मी दुधाची वाटी घेऊन माळ्याखाली उभी राहिले. नाव तोंडातून निघेना. स्वतःचंच नाव, आणि जीभ जड झालेली. पहिल्यांदा निघालं ते वसकल्यासारखं निघालं. वर काही हललं नाही. मग मी डोळे मिटले आणि बाबा जसे म्हणायचे तसं, शेवटाला जरा लांबवून म्हटलं.

“बायजा.”

पोत्याच्या आडून एक कान दिसला. मग डोकं. ती शिडीच्या एकेका पायरीवरून खाली आली, वाटीत तोंड घातलं आणि वर न बघता पीत राहिली. तिची हाडं लागत होती हाताला. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. पहिल्यांदाच तिनं माझा हात पाठीवर राहू दिला.

“माझं हाय ते नाव,” मी तिला सांगितलं. “ध्यानात ठेव.”

मालक गारगोटीहून आले ते दिवस कलायच्या सुमाराला. खांद्यावर पिशवी, अंगावर कौलांची धूळ. पिशवीतून त्यांनी काय काढलं, तर गारगोटीच्या बाजारातलं पितळेचं घुंगरू. मांजराच्या गळ्यासाठी. माझ्यासाठी पिशवीत काही नव्हतं, मी नंतर उलटी करून बघितली.

मांजर त्यांच्या पायात घुटमळत होतं. मी चहा ठेवला आणि आत गेले नाही. शालन गोठ्यात होती, कृष्णात दूध घालायला गेलेला.

“माझं नाव मांजराला द्यायला कुणी सांगितलं तुमाला?”

मालकांचा हात घुंगरावर थांबला.

“पडून हुतं,” ते म्हणाले. “कोण घेत न्हवतं.”

“पडून हुतं तर मला का मारली न्हाई हाक?”

“आई हुती तवर तोंड उघडायची सोय न्हवती. आई गेली तवर पोरं हुती.” त्यांनी चपला जुळवून ठेवल्या, परत उचलून परत जुळवल्या. “पोरं मोठी झाली, मग वळणच ऱ्हायलं न्हाई. दोनदा यत्न केला. तू अशी बघितलीस की म्हणलं, पाणी आण.”

मला आठवेना मी कधी कशी बघितली. पण मी बघितलं असेल. माझं बघणं सगळ्या पेठेला माहीत आहे.

“म्हणून मग मांजराला?”

“मांजराला मारून बघितली आदी. जीभ वळती का बघावं म्हणलं.”

“वळली का?”

“तिच्याफुडं वळती.”

मी कप उचलला. “चहा गार झाला,” म्हटलं, “दुसरा आणतो.” आत जाताना मागून खाकरण्याचा आवाज आला, मग काही नाही, मग परत खाकरले. मी चुलीशी उभी राहून वाट बघत होते. त्या दिवशी ते जमलं नाही. त्या दिवशी मांजरसुद्धा वाट बघून झोपलं.

मांजराचं नाव बदलावं असं मी एकदोनदा सुचवलं. शालननं मने-मने करून बघितलं, पण ते बसलं होतं त्याच नावावर, आता हलणार नव्हतं. लोणी आणि राख एकदा पोटात गेली की गेली. घुंगरू बांधलं, ते एका बाजूला बरंच झालं, कुठं आहे ते मला कळतं.

आता मालक गंगावेशीतून परत आले की सोप्यात बसतात, चपला काढतात, खाकरतात आणि हाक मारतात. पूर्वीसारखी श्वासात नाही, चांगली मोठ्यानं. भिंतीपलीकडं झुंबरबाईचं सूप थांबतं. हाक कुणाला असते ते मी विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही. आम्ही दोघीही जातो. ती कणगीमागून निघते, मी चुलीपासून. तिची वाट जवळची आहे, पायही चार आहेत. तरी अजून मीच आधी पोचते.